नाणेघाटाच्या वाटेवर सायकल

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघालेला सायकलस्वार टोकावडे ओलांडून वैशाखऱ्याला पोहोचतो, तेव्हा तो एका फार जुन्या व्यापारी वाटेवर असतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. तिथला माल नाणेघाट चढून जुन्नरला जाई. घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे आणि माथ्यावरचा दगडी रांजण आजही जकातीचा म्हणून दाखवतात. जकात राजाची; पण बैलांची वैरण, माणसांचे पाणी आणि रात्रीचा मुक्काम यांसाठी वाटेवरच्या गावांवाचून गत्यंतर नव्हते. प्रवास संथ होता, म्हणून त्यात गावाला वाटा होता.

आगगाडीने हे गणित मोडले. 16 एप्रिल 1853 रोजी ती ठाण्याला आली, 1 मे 1854 रोजी कल्याणला आणि 1865 मध्ये थळघाट चढून इगतपुरीला. मधली गावे खिडकीतून दिसण्यापुरती उरली. पुढे मुंबईने या मुलखाचे पाणीही नेले. तानसा धरण 1892 चे. नंतर वैतरणा आणि भातसा. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात.

सायकलने प्रवासाची जुनी गती परत आणली. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तरुण 1923 मध्ये मुंबईहून सायकलने निघाले आणि जग फिरून 1928 मध्ये परतले. सायकलवाल्याला तहान लागते, भूक लागते, अंधार पडला की थांबावे लागते. बैलाच्या तांड्याप्रमाणे त्यालाही गाव लागतेच.

आज ठाणे-डोंबिवलीचे सायकलस्वार रविवारी पहाटे निघतात आणि ऊन चढायच्या आत परततात. गावाला मिळतात ते चहा-वड्याचे पैसे. मुक्काम झाला तर तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, अंथरूण, वाट दाखवणारा पोरगा, पंक्चर काढणारा, सगळ्यांच्या हाताला काम मिळते. राज्याचे 2020 चे कृषी पर्यटन धोरणही शेतकऱ्याला असे जोडउत्पन्न मिळावे म्हणूनच आहे.

मात्र मुक्कामाचे घर कोणाचे, हा खरा प्रश्न आहे. जमीन विकून त्याच फार्महाऊसवर राखणदार झालेल्या माणसाला पर्यटनाचा पगार मिळतो, वाटा मिळत नाही. नाणेघाटाची जकात गावाबाहेर गेली, धरणाचे पाणीही गेले. सायकलवाल्याचे पैसे गावात राहायचे, तर आधी जमीन गावाकडे राहायला हवी.