साताऱ्याची गादी आणि ब्रिटिश संसद : प्रतापसिंह महाराजांच्या पदच्युतीसंबंधीची प्रश्नोत्तरे

प्रस्तावना

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याचे असई हे गाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात येते ते २३ सप्टेंबर १८०३ च्या लढाईमुळे. त्याआधी तीन आठवडे, २ सप्टेंबरला, कर्नल स्टिव्हन्सनच्या फौजेने जालन्याचा किल्ला घेतला होता. लढाईचे डावपेच विद्यार्थ्यांना पाठ असतात. परंतु ती ज्या वादातून उद्भवली तो वाद एका राज्यकर्त्याच्या निघून जाण्याचा होता, ही बाब सहसा मागे पडते. दुसरा बाजीराव ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून पराभूत होऊन पुण्याबाहेर पडला. त्याने गादी सोडली, की तो केवळ जीव वाचविण्यासाठी निघाला? पुण्यात अमृतरावाच्या मुलास पेशवा करण्याचा प्रयत्न झाला. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याने मात्र बाजीरावालाच पेशवा मानून ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला. पुढे युद्ध झाले आणि एप्रिल १८०५ मध्ये फिलिप फ्रान्सिस याने कॉमन्स सभागृहात ठराव मांडून त्याचा जाब विचारला. ठराव फेटाळला गेला. तथापि हिंदुस्थानातील गादीचा प्रश्न लंडनमधील सभागृहात विचारला जाऊ शकतो, ही वाट तेव्हाच मळू लागली होती.

या वाटेने गेलेले सर्वांत दीर्घ प्रकरण साताऱ्याचे आहे. प्रस्तुत लेखात प्रतापसिंह महाराजांचे दोषित्व अथवा निर्दोषत्व पुन्हा तपासण्याचा हेतू नाही. संसदेत अधिकाऱ्यांना काय विचारले गेले आणि त्यांनी उत्तर देताना प्रश्नाचे स्वरूप कसे बदलले, एवढाच येथील विचाराचा विषय आहे.

पदच्युतीची पार्श्वभूमी

पेशवाई संपुष्टात आल्यानंतर २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने सातारचे राज्य प्रतापसिंह महाराजांकडे आले आणि १८२२ मध्ये ग्रँट डफने राज्यकारभार प्रत्यक्ष त्यांच्या हाती सोपविला. पुढील सुमारे दहा वर्षे कंपनीचे अधिकारी त्यांच्या कारभाराची प्रशंसाच करीत होते. १८३५ च्या अखेरीस लंडनच्या संचालक मंडळाने त्यांच्यासाठी गौरवपत्र व तलवार धाडली. मुंबई सरकारने ती त्यांना दिलीच नाही. या न दिलेल्या तलवारीचा उल्लेख पुढे लंडनमध्ये वारंवार झाला, आणि तो योग्यच होता.

दुराव्याचे मूळ जहागिरींच्या वादात होते. अक्कलकोट, फलटण, जत, भोर, औंध येथील जहागिरदारांवर सत्ता कोणाची, विशेषतः जहागिरदार निपुत्रिक वारल्यास जहागीर कोणाकडे जावी, यावर महाराज आणि मुंबई सरकार यांच्यात मतभेद होता. हा वाद धुमसत असतानाच १८३६ मध्ये महाराजांवर आरोप झाले : त्यांनी २३ व्या पलटणीच्या सुभेदारांना फितविण्याचा प्रयत्न केला, गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी संधान बांधले आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार ठेवला. चौकशीसाठी विलोबी, ओव्हन्स आणि रेसिडेंट लॉडविक यांची गुप्त समिती नेमण्यात आली. साक्षी बंद दाराआड झाल्या. साक्षीपुराव्याच्या प्रती महाराजांना मिळाल्या नाहीत.

गोव्याविषयीच्या आरोपाबाबत येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. १८२८ ते १८३४ या काळात पोर्तुगाल स्वतः यादवी युद्धात होरपळत होते. १८३५ च्या आरंभी गोमंतकीय बर्नार्दो पेरिश द सिल्व्हा याला गोव्याचा प्रमुख नेमण्यात आले, तर काही आठवड्यांतच लष्करी उठावाने त्याला हुसकावून लावले. अशा सरकारच्या बळावर कंपनीशी लढण्याचा बेत कोणी आखला असेल, हे संभाव्य वाटत नाही. आरोप खोटाच होता असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. परंतु त्याची छाननी किती कसोशीने व्हावयास हवी होती, हे स्पष्ट होते.

ऑगस्ट १८३९ मध्ये नवा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक साताऱ्यास आला. त्याने माफीचा प्रस्ताव ठेवला. १८१९ च्या तहाचे काटेकोर पालन करण्याचे पुन्हा वचन द्यावे, बंधू आप्पासाहेब यांची तजवीज करावी, बळवंतराव चिटणीसांना दूर करावे आणि साक्षीदारांना त्रास देऊ नये, अशा त्याच्या अटी होत्या. मात्र तहभंग झाल्याचे त्यात गृहीत धरलेले असल्याने सही करणे म्हणजे अपराध कबूल करणे होते. महाराजांनी सही केली नाही. ४ व ५ सप्टेंबर १८३९ च्या मधल्या रात्री ओव्हन्सने त्यांना राजवाड्यातून बाहेर काढले. महाराजांनी प्रतिकार केला नाही. त्यांना प्रथम निंब येथे नेऊन पुढे काशीस धाडण्यात आले. गादीवर आप्पासाहेब ऊर्फ शहाजी यांना बसविण्यात आले आणि कंपनीला यात स्वतःचा कोणताही लाभ नको आहे, असे जाहीरनाम्यात नमूद करण्यात आले.

लंडनमधील दोन व्यासपीठे

महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनमध्ये होते आणि १८५३ पर्यंत तेथेच राहिले. त्यांच्यापुढे दोन दरवाजे होते. पहिला ईस्ट इंडिया हाऊसमधील भागधारकांच्या सभेचा. तेथे गुलामगिरीविरोधी चळवळीतील वक्ता जॉर्ज थॉम्प्सन, मुंबईत व्यापार केलेला सर चार्ल्स फोर्ब्स आणि साताऱ्याचा माजी रेसिडेंट जनरल ब्रिग्ज यांनी महाराजांची बाजू मांडली. सर्वांत बोलकी गोष्ट लॉडविकची आहे. गुप्त समितीच्या अहवालावर ज्याची सही होती, तोच पुढे महाराजांच्या बाजूने उभा राहिला.

भागधारकांच्या सभेला प्रश्न विचारता येत होता, निर्णय बदलता येत नव्हता. १७८४ च्या कायद्यानुसार कंपनीच्या राजकीय व्यवहारावर नियंत्रण मंडळाची देखरेख होती आणि त्या मंडळाचा अध्यक्ष मंत्री या नात्याने संसदेस उत्तरदायी असे. त्यामुळे दुसरा, खरा दरवाजा कॉमन्स सभागृहाचा होता. तेथे जोसेफ ह्यूम याने १८४० च्या दशकात हा विषय वारंवार उपस्थित केला. ह्यूम तरुणपणी कंपनीच्या सेवेत डॉक्टर होता आणि सरकारी खर्चाच्या प्रत्येक पैचा हिशेब मागणारा सदस्य म्हणून त्याची ख्याती होती. त्याची मागणी माफक होती. महाराजांना परत गादीवर बसवा असे म्हणण्याआधी तो म्हणत होता : कागद सभागृहापुढे ठेवा, चौकशी करा, आरोपीचे म्हणणे ऐका.

या मागणीमागे ठोस कारणे होती. दिवाण गोविंदराव याची आई गिरजाबाई हिच्या नावाचा एक अर्ज पुराव्यात महत्त्वाचा मानला गेला होता. तो अर्ज प्रत्यक्षात कृष्णाजी सदाशिव भिडे याने लिहिला होता आणि हे ओव्हन्सला कळल्यावरही त्याने ते वेळीच वरिष्ठांना कळविले नाही, असा महाराजांच्या पक्षाचा आक्षेप होता. गोविंदराव स्वतः अहमदनगरच्या तुरुंगात होता आणि त्याचा जबाब कैदेतच घेतला गेला. मराठीत झालेल्या साक्षी भाषांतरित होऊन संसदेपुढे आल्या. मूळ आणि भाषांतर यांची तुलना करू शकेल असा सभागृहात क्वचितच कोणी असेल.

उत्तरांचे स्वरूप

सरकारतर्फे उत्तर देणारा प्रमुख मंत्री सर जॉन हॉबहाउस हा १८३९ मध्येही नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष होता आणि १८४६ पासून पुन्हा त्याच पदावर आला. म्हणजे ज्याच्या कारकिर्दीत निर्णय मंजूर झाला, तोच त्या निर्णयाविषयी सभागृहाला खुलासा देत होता. या पद्धतीचा दोष येथेच उघड होतो. संसदेपुढे ना ओव्हन्स उभा होता, ना विलोबी. उत्तर देणाऱ्याने साताऱ्याचा राजवाडा पाहिलेला नव्हता आणि प्रश्न विचारणाराही कागदांवरच अवलंबून होता.

परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे वादाचा केंद्रबिंदूच हलविला गेला. ह्यूम विचारत होता, आरोप सिद्ध झाले काय? सरकारपक्षाचे म्हणणे असे की महाराजांना माफी देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली, म्हणून गादी गेली. हे मान्य केल्यास पुरावा तपासण्याचे कारणच उरत नाही. पदच्युती ही शिक्षा न राहता राजाने स्वतः केलेली निवड ठरते.

याच्या जोडीला दुसरी युक्ती होती. सातारचे महाराज स्वतंत्र राजे की कंपनीचे अंकित? ते प्रजाजन असतील तर त्यांना न्यायालयात उभे राहून बचाव करण्याचा हक्क होता. ते तहाने बांधलेले परके राजे असतील तर त्यांच्या अंतर्गत कारभारात रात्री फौज घालण्याचा अधिकार कोणता? सरकारपक्षाने दोन्ही भूमिका सोयीनुसार वापरल्या. तहभंगाचा दोष लावताना ते राजे होते. सुनावणी मागताना मात्र कोणतेही न्यायालय त्यांच्यासाठी नव्हते.

अशी उत्तरे केवळ वसाहतकाळापुरती नाहीत. २९ फेब्रुवारी २००४ रोजी हैतीचे राष्ट्राध्यक्ष झाँ-बेर्त्राँ आरिस्तीद अमेरिकेने पुरविलेल्या विमानातून देशाबाहेर गेले. ३ मार्चला अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे परराष्ट्र खात्याचे अधिकारी रॉजर नॉरिएगा यांची उलटतपासणी झाली. त्यांनी राजीनामा स्वेच्छेने दिल्याचे सांगितले, तर आरिस्तीद यांनी आपणास बळाने नेल्याचा आरोप केला आणि क्रिओल भाषेतील त्यांच्या पत्राच्या भाषांतरावरही वाद झाला. दोन्ही घटनांची परिस्थिती भिन्न आहे. तरी तेथे प्रत्यक्ष संबंधित अधिकारी चार दिवसांत सदस्यांसमोर बसला होता. साताऱ्याच्या बाबतीत हे आठ वर्षांतही घडले नाही.

प्रश्नांनंतर

जुलै १८४७ मध्ये ह्यूमने पुन्हा विषय मांडला. तो मान्य झाला नाही. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराजांचे काशी येथे निधन झाले. एप्रिल १८४८ मध्ये शहाजी राजेही वारले आणि त्यांनी मृत्युसमयी घेतलेले दत्तक अमान्य करून लॉर्ड डलहौसीने सातारा खालसा केले. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लर्क याने विरोध नोंदविला, लंडनमध्ये टकर आदी संचालकांनीही नोंदविला. नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष तेव्हाही हॉबहाउसच होता. १८३९ च्या जाहीरनाम्यातील लाभ नको असल्याची ग्वाही दहा वर्षेही टिकली नाही.

१८७५ मधील बडोद्याचे प्रकरण येथे आठवते. मल्हारराव गायकवाड यांच्यावरील विषप्रयोगाच्या आरोपाची चौकशी उघडपणे झाली, त्यांच्यातर्फे सार्जंट बॅलंटाइन याने उलटतपासणी घेतली आणि समितीत जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव हे सदस्य होते. समितीत तीन विरुद्ध तीन असा मतभेद झाला. तरीही एप्रिल १८७५ मध्ये, विषप्रयोगाऐवजी गैरकारभाराचे कारण देऊन, मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले.

साताऱ्याच्या प्रश्नोत्तरांनी गादी परत मिळाली नाही. पण मुंबई सरकारने बंद ठेवलेले कागद त्यांच्यामुळे छापले गेले. साक्षी, खलिते, संचालकांचे विरोधी अभिप्राय हे सारे संसदीय कागदपत्रांत आले. वामनदास बसू यांचा १९२२ चा सातारा-इतिहास आणि प्रबोधनकार ठाकरे यांचा प्रतापसिंह व रंगो बापूजी यांच्यावरील ग्रंथ यांच्यासारखे लेखन त्यामुळेच शक्य झाले. रंगो बापूजी स्वतः १८५३ मध्ये रिकाम्या हाताने परतले. १८५७ च्या सातारा कटात त्यांचे नाव आले, ते निसटले आणि पुन्हा सापडले नाहीत. त्यांचे चिरंजीव सीताराम यांना ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात गेंडामाळावर फाशी देण्यात आली.