कायझेन : कार्यपद्धतीचा नियमित फेरआढावा

कायझेन : ठरलेली कार्यपद्धती पुन्हा पुन्हा तपासून तिच्यात लहानलहान सुधारणा करत राहण्याची जपानी व्यवस्थापनपद्धती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती जपानी कारखान्यांत रुजली आणि मासाआकी इमाई यांच्या १९८६ मधील ‘कायझेन’ या ग्रंथामुळे जगभर पोहोचली.

टोयोटा कंपनीत ताइइची ओनो (१९१२–९०) यांनी या फेरआढाव्याला शिस्त लावली. तेथे प्रत्येक कामाच्या पत्रकात तीन गोष्टी नोंदवतात : मागणीनुसार एका नगाला मिळणारा वेळ, कामाचा क्रम आणि हाताशी ठेवायचा अर्धवट माल. पत्रक कामाच्या जागीच लावलेले असते. प्रत्यक्ष कामात तफावत दिसली की कारण शोधतात, नवी रीत आजमावतात. ती टिकली तर पत्रक बदलतात. कामगारांकडून सूचना मागवण्याची योजना कंपनीने १९५१ मध्ये सुरू केली.

या चिकाटीचे ठसठशीत उदाहरण १९६९ मधले. टोयोटाच्या १,००० टनी प्रेसवरची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला चार तास लागत. अभियंता शिगेओ शिंगो यांच्या मार्गदर्शनाखाली सहा महिन्यांत हा वेळ ९० मिनिटांवर आला. व्यवस्थापनाचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्याने तीन मिनिटांचे लक्ष्य दिले.

शिंगोंनी कामांची फेरमांडणी केली. यंत्र चालू असतानाच होऊ शकणारी तयारी त्यांनी वेगळी काढली, यंत्र थांबवून करायची कामे कमी केली. पुढच्या तीन महिन्यांत लक्ष्य गाठले गेले. डाय झटपट बदलू लागल्याने सुटे भाग लहान तुकड्यांत काढणे परवडू लागले आणि साठा घटला.