स्वतःच्या हाताची परीक्षा

क्ष-किरणांचा धडा शिकवताना आपण राँटगेनची गोष्ट हमखास सांगतो. ८ नोव्हेंबर १८९५, काळ्या कागदात गुंडाळलेली नळी आणि दूरच्या पडद्यावर उमटलेली चमक. मग त्याच्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र : बोटांची हाडे आणि अंगठी. धडा येथे संपतो. हाताची गोष्ट मात्र पुढे चालू राहते.

१८९६ मध्ये अमेरिकेत एडिसनने कॅल्शियम टंगस्टेटचा लेप दिलेला पडदा वापरून फ्लुओरोस्कोप तयार केला. आता छायाचित्र धुऊन निघेपर्यंत थांबायला नको. हाडे पडद्यावर थेट हलताना दिसत. नळ्यांचे काम क्लॅरन्स डॅली या साहाय्यकाकडे होते. तो काचकामात तरबेज होता. त्या काळच्या नळ्यांत थोडा वायू शिल्लक असे. वापरता वापरता त्याचा दाब बदले आणि त्याबरोबर किरणांची भेदकताही. नळी आज कशी चालते आहे, हे पाहायचे कसे? सर्वांत सोयीची वस्तू जवळच होती. स्वतःचा हात नळी आणि पडदा यांच्यामध्ये धरायचा आणि हाडे किती ठळक दिसतात ते बघायचे. डॅली हेच वारंवार करत राहिला.

दुखत मात्र काहीच नव्हते, आणि खरी अडचण हीच. तापल्या तव्याला बोट लागले तर आपण ते तत्क्षणी मागे घेतो. क्ष-किरण अशी सूचना देत नाहीत. त्वचेवर परिणाम दिसायला दिवस किंवा आठवडे लागतात, कर्करोग व्हायला वर्षे. डॅलीच्या हातावर भाजल्यासारख्या जखमा झाल्या, त्या भरेनात. डावा हात बिघडल्यावर तो उजवा वापरू लागला! अखेर दोन्ही हात कापावे लागले. १९०४ मध्ये, चाळिशी गाठण्यापूर्वीच, तो कर्करोगाने गेला. एडिसनने क्ष-किरणांवरचे काम सोडून दिले.

हे सगळे निव्वळ अज्ञानापोटी झाले, असे आम्हाला वाटत नाही. एलिहू थॉमसनने १८९६ मध्येच आपली करंगळी मुद्दाम किरणांत धरून तिला फोड आलेले दाखवले होते. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनी १९०१ मध्ये गिनीपिग या किरणांनी मरतात हे सिद्ध केले आणि नळीभोवती शिशाचे आवरण घाला, असे सांगितले. ऐकणारे थोडे. संरक्षणाच्या शिफारशींसाठी आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली ती १९२८ मध्ये, स्टॉकहोमला.

आज मोडलेले हाड जुळवायला शिकणारा तरुण डॉक्टर सी-आर्म यंत्राच्या पडद्याकडे पाहत असतो. अवयव धरून ठेवण्याचे काम बहुधा त्याच्याकडेच येते. मग पडद्यावर रुग्णाच्या हाडाशेजारी आणखी एखादे बोट उमटते, ते या डॉक्टरचे. शिवाय रुग्णाच्या शरीरावर आपटून किरण सर्व बाजूंना विखुरतात, ते वेगळेच. शिशाचा अंगरखा धडाला वाचवतो. हात आणि डोळे उघडेच राहतात. छातीवरचा बिल्ला शरीराला मिळालेली मात्रा नोंदवतो, पण बोटांचा हिशोब त्यात येत नाही. डोळ्यांतील भिंगाला मोतीबिंदूचा धोका वाटला होता त्याहून कमी मात्रेतही असतो, हे कळल्यावर आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ मध्ये भिंगाची वार्षिक मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून सरासरी २० वर आणली. त्यावर उपाय अगदी साधे आहेत : शक्यतो नळी टेबलाखाली ठेवावी, पायातले बटण दाबण्यापूर्वी हात बाहेर काढावा आणि एक पाऊल मागे सरावे. अंतर दुप्पट केले की मात्रा साधारण चौथ्या हिस्स्यावर येते. हा व्यस्त वर्गाचा नियम त्या डॉक्टरनेही शाळेतच शिकलेला असतो, प्रकाशाच्या धड्यात.