फड जगभर पोचला, पांझरेवर आटला

विकासाच्या क्षेत्रात सध्या एक शब्द फार चालतो, 'सामाजिक भांडवल'. सोप्या भाषेत, माणसांचा एकमेकांवरचा भरवसा. जगभरच्या संस्था एका गावचं शहाणपण इंटरनेटवरून दुसऱ्या गावाला पोचवू बघतात. हेतू चांगलाच आहे. पण आमच्या धुळे जिल्ह्याने हे भांडवल तीन-चारशे वर्षांपूर्वीच पाण्यात गुंतवलं होतं.

पांझरेवर एकामागे एक बंधारे. बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. एकात ऊस, बाकीच्यांत हंगामी पिकं, आणि पुढे फेरपालट. पाणी कमी पडलं की कोणता फड पडीक ठेवायचा, ते गाव मिळून ठरवायचं. शेताला पाणी पाटकरी द्यायचा, राखण जागल्या करायचा. नाशिककडे मोसम आणि आरम नद्यांवरही हीच रीत.

१९९७ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 'डाइंग विज्डम' हे पुस्तक काढलं, त्यात आपला फड आहे. सामाईक साधनं लोक स्वतः सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी स्पेनमधल्या शेतकऱ्यांच्या पाटपाण्याचा अभ्यास मांडला होता. म्हणजे आपले पाटकरी जे करत होते, त्याच जातीचं काम. आज फडाची माहिती जगात कुठेही बसून इंग्रजीत वाचता येते.

इकडे काय झालं? विहिरी वाढल्या, मोटारी आल्या, नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली. ज्याच्या विहिरीत पाणी, त्याला पंचांची गरज उरली नाही. मग २००५ मध्ये कायदा करून सरकारने शेतकऱ्यांना सांगितलं, पाणी वापर संस्था काढा, मिळून पाणी वाटा!

बातमीदार म्हणून मला यात एक गोष्ट खटकते. माहिती गावातून बाहेर गेली, परत मात्र आली नाही. जळगावच्या केळी पट्ट्यात आज भाव आणि हवामान मोबाईलवर मिनिटात फिरतं, ते उपयोगाचंच आहे. पण टंचाईत आपलं शेत कोरडं ठेवायला तयार होणं फॉरवर्ड करता येत नाही. ते शेजाऱ्यासोबत वर्षानुवर्षं पाणी वाटूनच येतं.

साक्री-धुळ्याकडच्या मित्रांनो, पाटकऱ्याचं काम केलेलं कुणी जुनं माणूस गावात असेल, तर त्याच्याजवळ बसा. वाद कसे मिटवले, पाळी कशी लावली, ते अहिराणीतच रेकॉर्ड करा. आणि ते आधी आपल्या पाणी वापर संस्थेच्या बैठकीत ऐकवा. जगाला नंतर पाठवू.