ताराबाईंची पहिली सात वर्षे आणि कादंबरीचे कथनकेंद्र

मराठी ऐतिहासिक कादंबरीत राणी बहुधा नायकाच्या सावलीत उभी असते. ‘स्वामी’तील (१९६२) रमाबाई पतीच्या मृत्यूकडे पाहत राहतात. ना. सं. इनामदारांनी ‘शिकस्त’मध्ये पार्वतीबाईंना केंद्रस्थानी आणले खरे, पण तेथेही कथेची गती प्रतीक्षेचीच आहे. राज्य चालविणाऱ्या तरुण राणीचा विषय घेतला की ही चौकट अपुरी पडते, आणि मार्च १७०० नंतरच्या ताराबाई हे याचे सर्वांत कठीण उदाहरण होय.

राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले तेव्हा ताराबाईंचे वय पंचविशीचे होते. चार वर्षेही पूर्ण न केलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी कारभार हाती घेतला. सत्ता त्यांची, पण नाव मुलाचे. कादंबरीकाराला ज्या अंतःस्वराची गरज असते तो दप्तरात असा आच्छादित आहे. खाफीखान शत्रुपक्षाचा असूनही त्यांचे कर्तृत्व मान्य करतो. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, साताऱ्याच्या गादीच्या आश्रयाने लिहिली गेली. म्हणजे ज्या पक्षाशी ताराबाईंचा कलह झाला त्याच्याच छायेत.

भद्रकालीची प्रतिमा उचलणे सोपे, म्हणूनच ते टाळले पाहिजे. पतिनिधनानंतर लगेच त्यांनी औरंगजेबाकडे तहाचे बोलणे लावल्याची नोंद मोगल दरबारच्या बातमीपत्रांत आहे: मुलाला सात हजारी मनसब व दख्खनची देशमुखी मिळावी, बदल्यात सात किल्ले द्यावेत. बादशहाने ते नाकारले. ही शरणागती होती, की उसंत मिळविण्याची युक्ती? वीरकथेच्या साच्यात हा प्रसंग बसत नाही. पण कादंबरीला खरे द्रव्य मिळते ते येथेच, कारण निर्णय घेणाऱ्या व्यक्तीलाही आपला हेतू एकेरी असल्याची खात्री असेलच असे नाही.

किल्ल्यांच्या युद्धाचेही तसेच. आज स्वारगेटहून साताऱ्याची वाट कात्रजचा घाट चढते आणि सिंहगड नैर्ऋत्येला राहतो. ज्या मुलखासाठी बादशहाने आयुष्याची अखेरची वर्षे वेचली तो असा हाकेच्या अंतरावर आहे. सिंहगड १७०३ मध्ये पडला, त्या पावसाळ्यात बादशाही छावणी पुण्यात राहिली, १७०४ मध्ये राजगड व तोरणा गेले. यांपैकी तोरणाच काय तो खऱ्या अर्थाने हल्ला करून घेतला गेला. इतर अनेक गड मराठ्यांनी दीर्घ प्रतिकारानंतर रक्कम घेऊन सोडले आणि मोगलांची पाठ वळताच परत घेतले. सिंहगड १७०५ मध्येच परत आला. दरम्यान मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात उतरल्या होत्या. गड विकण्याचे हे राजकारण पोवाड्याच्या सुरात सांगता येत नाही. त्याला हिशेबाची, वाटाघाटीची, रात्रीच्या मसलतीची भाषा लागते; आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीने ती भाषा, तिच्या भरजरी संवादांच्या हौसेपायी, फारशी कमावलेली नाही.

राहतो प्रश्न शेवटाचा. औरंगजेबाच्या मृत्यूपाशी, १७०७ च्या आरंभी कथा थांबविली तर ती विजयकथा होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत नेली तर खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंकडे जातात, आणि सात वर्षे राज्य राखणारी स्त्री अवघ्या काही महिन्यांत गादीवरचा केवळ एक दावा ठरते. बखरकार दुसऱ्या टोकापासून मागे पाहत लिहितो. कादंबरीकाराने पहिल्या टोकापासून, शाहू सुटतील की नाही हे ठाऊक नसलेल्या १७०० मधून, लिहावयाचे असते.