कुळाचार : घराण्याची रीत मुलांच्या हाती

महाराष्ट्रातील बहुतेक घरांत सण तेच असतात, पण ते साजरे करण्याची पद्धत घरागणिक बदलते. एका घरी गौरी खड्यांच्या येतात, तर शेजारच्या घरी त्याच गौरी मुखवटे लावून, साडी नेसून उभ्या राहतात. कोणाकडे नवरात्रात घटाभोवती धान्य पेरले जाते, तर कोणाकडे केवळ अखंड दिवा आणि रोजची माळ असते. 'आमच्याकडे असे असते' या तीन शब्दांत सांगितली जाणारी ही पद्धत म्हणजे कुळाचार. कुळधर्म आणि कुळाचार हे शब्द बहुधा जोडीने येतात. कुलदैवतासाठी नेमलेली पूजा-व्रते म्हणजे कुळधर्म आणि ती पार पाडण्याची त्या घराण्याची रीत म्हणजे कुळाचार, असा भेद ढोबळमानाने करता येईल.

कुलदैवत आणि कुळाचार

कुळाचाराचा उगम कुलदैवताशी असतो. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची महालक्ष्मी, माहूरची रेणुका आणि अर्धे पीठ मानली जाणारी वणीची सप्तशृंगी ही साडेतीन शक्तिपीठे, अंबाजोगाईची योगेश्वरी, जेजुरीचा खंडोबा ही असंख्य मराठी घराण्यांची दैवते आहेत. देवीचे उपासक लग्नानंतर गोंधळ घालतात. त्यात गोंधळी संबळ-तुणतुण्याच्या साथीने देवीला आवाहन करतात. खंडोबाच्या घरी वाघ्या-मुरळीचे जागरण असते. चित्पावनांच्या घरी मंगलकार्यानंतर बोडण भरले जाते. स्थलांतरानेही ही नाती तुटली नाहीत. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा पोर्तुगीज हद्दीबाहेर अंत्रूज महालात हलविण्यात आली. पुढे मुंबई, कारवार, मंगळूरपर्यंत पांगलेली कुळे आजही मंगेशी आणि कवळे येथे दर्शनाला जातात.

पाहून शिकण्याची रीत

पूजेचे मंत्र पोथीत मिळतात, कुळाचार मात्र क्वचितच लिहिलेला असतो. सासूने सुनेला आणि आजीने नातवंडांना सांगावे, त्यांनी पाहत पाहत शिकावे, ही त्याची परंपरागत व्यवस्था. मुलांना त्यात प्रेक्षकाची नव्हे, तर कामकऱ्याची भूमिका होती. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांची पूजा होते आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. खड्याच्या गौरींसाठी पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणण्याचा मान अनेक घरांत कुमारिकेला असतो. काही घरांत तिने वाटेत कोणाशी बोलायचे नसते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाची तळी भरताना ताम्हणात भंडारा, खोबरे, विड्याची पाने आणि सुपारी ठेवतात. 'येळकोट येळकोट जय मल्हार'च्या गजरात ते ताम्हण उचलणाऱ्या हातांत घरातल्या लहान मुलाचाही हात असतो. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे त्या दिवशी भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने पुन्हा ताटात येते. चार महिने वाट पाहून मिळालेला तो घास मुलाला चातुर्मासाचा अर्थ आपोआप शिकवतो.

ही व्यवस्था आता क्षीण झाली आहे. दोन खोल्यांचे घर, दोघांच्या नोकऱ्या, गावी राहिलेले किंवा काळाच्या पडद्याआड गेलेले आजी-आजोबा यांमुळे पाहण्याची संधीच उरत नाही. आंतरजातीय विवाहांत दोन कुळाचारांपैकी कोणता पाळायचा, हा प्रश्न उभा राहतो आणि पुष्कळदा दोन्ही सुटतात. सासू गेल्यावर सुनेच्या लक्षात येते, की नैवेद्याच्या ताटात नेमक्या किती भाज्या लागत, हे विचारायचे राहूनच गेले.

संशोधन काय सांगते?

कौटुंबिक परंपरांचा मुलांवरील परिणाम हा मानसशास्त्राच्याही अभ्यासाचा विषय आहे. अमेरिकेतील बार्बरा फीज आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या विषयावरील पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांनी दिनक्रम आणि विधी यांत फरक केला. दिनक्रम 'काय करायचे' एवढेच सांगतो, तर विधी 'आपण कोण आहोत' हे सांगतो. एमोरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश यांनी मुलांसाठी वीस प्रश्नांची सूची तयार केली. आजी-आजोबा कोठे वाढले, आई-वडिलांची भेट कशी झाली, असे साधे प्रश्न त्यात होते. ज्या मुलांना घराण्याची माहिती अधिक होती, त्यांच्यात आत्मसन्मानाची भावनाही अधिक आढळली. मात्र उत्तरे पाठ करून घेतल्याने हे साधत नाही, ही माहिती ज्या निवांत गप्पांतून मिळते त्या गप्पा मोलाच्या, असे ड्यूक यांनी आवर्जून नमूद केले आहे.

जतन कसे करावे?

घरातील ज्येष्ठांना विचारून वर्षभराच्या कुळाचाराची वही करणे, ही पहिली पायरी. तिथी, नैवेद्य, साहित्याची मापे आणि प्रत्येक रीतीमागची घरची गोष्ट त्यात असावी. मोबाईलवर त्यांचा आवाजही सहज जपता येतो. दुसरे म्हणजे मुलांना ठरावीक काम नेमून द्यावे आणि ते दरवर्षी त्यांच्याकडेच ठेवावे. वेळेअभावी सोळा भाज्यांच्या चार झाल्या तरी चालेल, पण त्या मुलांच्या हातून चिरल्या जाव्यात. ज्या घरी कुळाचार नाही किंवा तो मानायचा नाही, तेथे नवी रीतही सुरू करता येते. दिवाळीत अंगणात वा गॅलरीत मुलांनी मातीचा किल्ला करणे ही महाराष्ट्रातील अशीच एक परंपरा. तिला ना मुहूर्त लागतो, ना पुरोहित.

काय सोडावे?

परंपरा सोपवताना निवडही करावी लागते. अनेक कुळाचारांत सवाष्णीलाच मान असतो. पतीच्या निधनानंतर, ज्या स्त्रीने तो कुळाचार आयुष्यभर सांभाळला, तीच बाजूला बसते आणि मुले ते पाहत असतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य शासनानेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. जे गावाला जमले, ते घराला अवघड नसावे.

दुसरा प्रश्न मुलींचा आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. कुळाचार मात्र अजूनही मुलाकडेच जातो, असे मानले जाते. ज्या घरी फक्त मुली आहेत, तेथील टाक आणि देव्हारा आई-वडिलांनंतर कोणाकडे जावा, हा निर्णय लांबणीवर पडत राहतो. मुलगी विवाहित असो वा अविवाहित, आई-वडिलांनी हयातीतच तिला विचारावे आणि तिची इच्छा असल्यास वही तिच्या हाती द्यावी. खडे आणण्याचा मान लहानपणी तिचाच होता.