नदीने फोडलेला अल्लाह बंद

सिंद्री हे कच्छच्या मोठ्या रणातले छोटेसे ठाणे. सिंधूच्या पूर्वेकडच्या फाट्यावर बांधलेल्या या किल्ल्यात कच्छ संस्थानाची जकात चौकी होती. १६ जून १८१९ च्या संध्याकाळी भूकंप झाला, भूज शहराची धूळधाण उडाली आणि दूर अहमदाबादेत जामा मशिदीचे मिनार कोसळले. सिंद्रीच्या आसपासची जमीन खचली, समुद्राचे पाणी आत घुसले आणि किल्ला बुडाला. माणसे एका बुरुजावर चढून बसली. दुसऱ्या दिवशी होड्यांतून त्यांची सुटका झाली.

बुडालेल्या जमिनीच्या उत्तरेला वेगळेच काही घडले होते. तिथे जमीन वर आली होती.

ऐंशी किलोमीटरांहून लांब आणि काही ठिकाणी सहा मीटरांपर्यंत उंच असा तो मातीचा उंचवटा थेट नदीच्या पात्रावर आडवा आला. कच्छच्या लोकांना बांधांचा कडू अनुभव होता. १७६२ च्या झाऱ्याच्या लढाईनंतर सिंधचा राजा गुलाम शाह कल्होडो याने याच फाट्याचे पाणी अडवले आणि लखपतच्या परिसरातली भातशेती करपली. ते बांध माणसांनी घातलेले होते. हा नवा बांध कोणा माणसाने घातलेला नव्हता, म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाह बंद’ म्हटले. जमीन उचलली गेली हे त्यांनी कोणत्याही तज्ज्ञाच्या आधी ओळखले होते, ही गोष्ट पुरेशा आदराने सांगितली जात नाही.

रणासारख्या सपाट प्रदेशात काही मीटरांचा फरक डोळ्यांना सहज कळत नाही, पण नदीला लगेच कळतो. उतार जरा बदलला की पाणी थांबते, तुंबते किंवा दुसरी वाट धरते. अल्लाह बंदाने सिंधूच्या फाट्याची वाट बंद केली. पुढे १८२६ मध्ये सिंधूला मोठा पूर आला. सिंधमधले वरचे बांध फुटले, पाण्याचा लोंढा अल्लाह बंदावर आला आणि त्याला कापून सिंद्रीच्या खचलेल्या जमिनीवर झालेल्या तळ्यात उतरला.

अलेक्झांडर बर्न्स हा ब्रिटिश अधिकारी १८२७ मध्ये तिथे होडीतून पोचला, तेव्हा ही ताजी खाच त्याच्यासमोर होती. कोणी खणून न काढलेला बांधाचा आतला भाग नदीनेच उघडा केला होता आणि त्यात शिंपले मिसळलेली माती दिसत होती. बर्न्सची ही माहिती चार्ल्स लायेल या भूगर्भशास्त्रज्ञाने आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या ग्रंथात वापरली. पृथ्वीचे रूप घडवणाऱ्या शक्ती आजही काम करतात, हे त्याला दाखवायचे होते. त्यासाठी याहून नेमके उदाहरण सापडणे कठीणच होते, कारण जमीन कधी हलली याची तारीखसुद्धा इथे ठाऊक होती.

कच्छमध्येच झालेल्या २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने मात्र जमिनीवर असा ठसा ठेवला नाही. हजारो माणसे मेली, पण ज्या भेगेवर जमीन सरकली ती पृष्ठभागापर्यंत आलीच नाही. अशा वेळी भूकंपात उसळून वर आलेली वाळू तपासावी लागते. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी अल्लाह बंदाच्या परिसरात हेच केले. त्यांना मिळालेल्या पुराव्यांनुसार या भागात सुमारे ८०० ते १,००० वर्षांपूर्वीही असाच मोठा भूकंप होऊन गेला होता.